पाणी मुरतंय कुठं

मिस्त्रींनी एकदा निकाल दिला, की तो काळ्या दगडावरची रेघ. डिझेल गाड्यांत चाळीस वर्षं हात काळे केलेला माणूस तो. गॅरेजच्या उतारावरून गाडी खाली येतानाच तिचं दुखणं ओळखायचे आणि गाडीवाल्यानं तोंड उघडायच्या आत सांगून मोकळे व्हायचे. बहुतेक वेळा बरोबर सांगायचे. चुकलेच तर गाडी चुकायची, मिस्त्री नाही. त्यांच्या बायकोचं सदतीस वर्षांचं मत असं, की घरातही हीच पद्धत आहे.

आता मात्र गुडघे कुरकुरायला लागले होते. गाडीखाली शिरणं बंद झालं होतं आणि ते काम थोरल्या लेकीनं अंगावर घेतलं होतं. सहा वर्षं ती बापाच्या बरोबरीनं राबत होती. तरी गिऱ्हाइकाचं समाधान व्हायचं नाही. तिनं बॉनेट उघडलं, की गाडीवाला हळूच मिस्त्रींकडे बघायचा आणि म्हणायचा, "तुम्हीही एकदा नजर टाका की." मिस्त्री नजर टाकायचे. त्यांना बरं वाटायचं, आणि बरं वाटतं याची थोडी लाजही वाटायची.

रोपवाल्यांच्या पिकअपचंही असंच झालं. हे गृहस्थ रोपवाटिका चालवत आणि दिवसभर गावोगाव रोपं पोचवत. महिनाभर त्यांच्या गाडीतलं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं औषध घातलेलं पाणी, कमी होत होतं. दर दोन-तीन दिवसांनी अर्धा लिटर गायब. एकदा चढावर इंजिन इतकं तापलं, की रोपवाल्यांच्याच तोंडचं पाणी पळालं. एका मोठ्या वर्कशॉपनं हेड उघडावं लागेल असं सांगितलं, म्हणून ते दुसरं मत घ्यायला मिस्त्रींकडे आले होते.

गाडी आली त्याच संध्याकाळी मिस्त्रींनी निकाल दिला होता. "पाणी कमी होतंय म्हणजे तीनच गोष्टी," ते बोटांवर मोजत म्हणाले होते. "सांडतंय, उडतंय, नाहीतर इंजिन पितंय. खाली डाग नाही, म्हणजे सांडत नाही. रेडिएटरचं झाकण नवं आहे, म्हणजे उडत नाही. उरलं काय? हेडखालचं गॅस्केट गेलंय. पाणी सिलिंडरमध्ये उतरतंय आणि डिझेलबरोबर जळतंय. हेड उघडायचं."

हेड उघडायचं म्हणजे इंजिनचा वरचा अर्धा भाग खोलायचा. आठ दिवस गाडी उभी. आणि हे ऐन लागवडीचे दिवस. ट्रेमधली रोपं काही आठ दिवस थांबत नाहीत, मुळं गुंडाळून बसतात. रोपवाल्यांचा चेहरा उतरला, पण दोन जाणती माणसं एकच सांगतात म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली आणि गाडी रात्रभर तिथेच ठेवली.

सकाळी मिस्त्री आले तेव्हा थोरली आधीच बॉनेटमध्ये वाकलेली होती. रोपवाले बाकावर बसून होते. दुसरीकडे कुठे त्यांचा जीव रमणार नव्हता.

"बाबा, मला हेड वाटत नाही," थोरली हळूच म्हणाली.

"कशावरून?"

"ऑइल स्वच्छ आहे, दुधाळ नाही. गाडी थंड असताना चालू केली, पांढरा धूर नाही. रेडिएटरमध्ये बुडबुडे नाहीत. सिलिंडरमध्ये पण बघितलं, कोरडे आहेत चारही."

"मग पाणी काय पंख लावून गेलं?"

"ते अजून माहीत नाही."

"माहीत झालं की बोल."

तिनं दाब मोजायचा छोटा हातपंप रेडिएटरच्या तोंडाशी बसवला आणि हवा भरली. सुई पंधरावर गेली, आणि मग हळूहळू खाली यायला लागली. चौदा, तेरा, बारा. दोघांनी इंजिन चहूबाजूंनी पाहिलं. पाइप कोरडे, पंप कोरडा, खाली जमीन कोरडी.

"बघ," मिस्त्री म्हणाले. "दाब कमी होतोय, बाहेर थेंब नाही. म्हणजे आत जातंय."

"आत म्हणजे इंजिनच्याच आत कशावरून?"

मिस्त्रींना राग आला. "हेडचे बोल्ट सैल करायला घे," ते म्हणाले. "मी शब्द दिलाय माणसाला."

थोरलीनं पाना उचलला. तिच्या मनात नव्हतं हे तिच्या पाठीवरूनही दिसत होतं, पण बापाच्या शब्दाबाहेर जाणारी ती नव्हती. मिस्त्रींना तेवढ्यात आतून काहीतरी टोचलं. पाठ अगदी त्यांच्यासारखीच ताठ होती.

इकडे रोपवाल्यांना गप्प बसवेना. "नशीबच फिरलंय," ते स्वतःशीच बडबडत होते. "मागे हौद्यात ऊन-वारा खाणारी रोपं टवटवीत, आणि नाजूक म्हणून पुढे केबिनमध्ये लाडानं ठेवतो ती सगळी माना टाकतात. लाड मानवतच नाहीत कोणाला."

थोरलीचा पाना थांबला. "केबिनमध्ये कुठे ठेवता, काका?"

"शेजारच्या सीटपुढे, खाली. पाय ठेवायच्या जागेत."

"तिथे ओलं असतं का?"

"असणारच की. मीच पाणी घालतो त्यांना."

"आणि सकाळी आतून काच पुसावी लागते?"

"रोज. रोपांचा दमटपणा. फडकं ठेवलंय ना तिथे."

ती पाना ठेवून केबिनकडे गेली. रुसून गेली असं मिस्त्रींना वाटलं. मग त्यांनी पाहिलं, तर ती दाराशी गुडघ्यांवर बसून खालचं जाजम उचलत होती. तिनं दोन बोटं बुडवली, अंगठ्यावर घासली आणि नाकाशी धरली. मग ती उठून बापाजवळ आली आणि तीच बोटं त्यांच्यापुढे केली.

मिस्त्रींनी बोट लावून पाहिलं. नुसतं पाणी असतं तर बोटांवर एव्हाना वाळलं असतं. हे बुळबुळीत होतं, आणि वास गोडसर. कूलंटच.

"डॅशबोर्डच्या मागे हीटरचा छोटा रेडिएटर असतो," थोरली म्हणाली. "तो गळत असेल. म्हणजे सांडतंयच, पण केबिनच्या आत. आणि काका त्यावर रोज पाणी घालतात."

"पण हीटर मी कधी लावतच नाही," रोपवाले म्हणाले.

"बंद असला तरी कूलंट त्यातून फिरतंच, काका."

मिस्त्रींनी केबिनमध्ये डोकावून पाहिलं. ज्या गाड्यांवर त्यांचा हात बसला, त्यांना हीटरच नव्हता. पाणी तिथेही मुरू शकतं हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"असेल म्हणून चालत नाही," ते शेवटी म्हणाले. "दाखव."

थोरलीनं केबिनमध्ये जाणारे दोन्ही पाइप चिमट्यांनी दाबून बंद केले. आता पाणी फक्त इंजिनमध्ये आणि मोठ्या रेडिएटरमध्ये होतं. हातपंपानं परत दाब भरला. सुई पंधरावर. गॅस्केट गेलं असेल तर ती पुन्हा पडणार, हे तिघांनाही कळत होतं.

मिस्त्रींनी घड्याळ हातात धरलं. पहिल्या मिनिटाला सुई पडावी असं त्यांना वाटत होतं. लपवण्यात अर्थ नाही, अगदी मनापासून वाटत होतं. चाळीस वर्षांचं नाव होतं त्या सुईवर. तिसऱ्या मिनिटाला त्यांनी लेकीकडे पाहिलं. ती सुईकडे बघत नव्हती. ती हात पुसत होती, काम झालेल्या माणसासारखी. आणि पाचव्या-सहाव्या मिनिटाला केव्हातरी मिस्त्रींच्या ध्यानात आलं, की आपण श्वास रोखलाय, आणि सुई हलू नये म्हणून रोखलाय.

दहा मिनिटं झाली. सुई पंधरावर. थोरलीनं चिमटे काढले, आणि सुई निमूटपणे उतरायला लागली.

"हेड उघडायचं नाही," मिस्त्री रोपवाल्यांना म्हणाले. आवाज जरा जास्तच मोठा लागला. "माझं चुकलं. त्या मोठ्या वर्कशॉपचंही चुकलं. हिचं बरोबर." एवढं बोलून त्यांना वाटलं होतं, की कुठेतरी दुखेल. दुखलं नाही. उलट इतका अभिमान वाटला, की तो ठेवायचा कुठे ते कळेना. हे वाक्य रस्त्यापलीकडच्या टायरवाल्यालाही जाऊन सांगावं असं वाटलं.

"मग गाडी?" रोपवाल्यांनी विचारलं, आणि या वेळी ते थोरलीकडे बघत होते.

"तासाभरात नेता येईल. हे दोन पाइप एकमेकांना जोडते, म्हणजे पाणी केबिनमध्ये जाणारच नाही. लागवड उरकली की छोटा रेडिएटर बदलू. आणि जाजमाखालचं सगळं धुऊन घ्या. कूलंट म्हणजे रोपांना विषच, नाहीतर ती मरतच राहतील."

ते पाइप इंजिनच्या मागे अडचणीत होते, जिथे दिवसाही अंधार असतो. मिस्त्रींनी कोणी सांगायच्या आत हातदिवा उचलला आणि बॉनेटपाशी जाऊन उभे राहिले.

"बाबा, उजेड पाइपवर. माझ्या डोक्यावर नको."

असं त्यांच्याशी या गॅरेजमध्ये कोणी बोललं नव्हतं. मिस्त्रींनी मुकाट्यानं दिवा खाली घेतला आणि हात स्थिर धरला.

तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. दिवा न हलवता त्यांनी तो दुसऱ्या हातानं काढून कानाला लावला. कुठलासा ट्रकवाला होता. गाडी ओढत नव्हती, मिस्त्रींशीच बोलायचं होतं.

"मिस्त्री कामात आहेत," मिस्त्री म्हणाले.

पलीकडचा माणूस गोंधळला. आवाज तर ओळखीचा होता. "मग आपण कोण?"

"मिस्त्रींचा बाप बोलतोय. काय झालंय गाडीला ते सांगा, त्यांना निरोप देतो."