पोटातल्या नातीची गोळी

काशम्माच्या तोंडाला कुलूप नाही, असं अख्खी गल्ली माझ्याबद्दल म्हणते. पण एक गोष्ट मी चौदा वर्षं गिळून बसले होते. ती परवा सोलापुरात, हृदयाच्या डॉक्टरांकडे गेल्यावर बाहेर पडली.

माझी सून दानेश्वरी. तिचं पहिलं बाळ सहाव्या महिन्यात पोटातच गेलं. त्याचं हृदय फार सावकाश चालायचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आईच्या रक्तातलंच काहीतरी बाळाच्या हृदयाला बाधतंय. पुढच्या खेपेला सुरुवातीपासून रोज एक गोळी घ्यायची, एकही दिवस चुकवायचा नाही. औषधाच्या दुकानात कळलं, ती गोळी मलेरियालाही देतात. झालं, माझं डोकंच फिरलं!

दुसऱ्या खेपेला आठव्या महिन्यात, आम्हा लिंगायतांच्या रीतीप्रमाणे, स्वामींनी पोटातल्या बाळाच्या नावानं लिंग दिलं. मी म्हटलं, आता हे बाळ शिवाचं. शिवाच्या लेकराला मलेरियाची गोळी कशाला? गोळ्यांची पाकिटं उचलली आणि ज्वारीच्या कणगीत खुपसली. दानेश्वरीनं विचारलं, तर सरळ कानावर हात ठेवले.

काव्या जन्मली, चांगली गुटगुटीत. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हिच्या हृदयावर मोठेपणीही नजर ठेवा. तेव्हापासून पोरगी जिना पळत चढली तरी माझा जीव टांगणीला लागायचा. कुणाला सांगणार? चोर मीच.

आता काव्या खो-खोच्या जिल्हा संघात निवडली गेली. तिची सगळी हकिकत खेळाच्या सरांना ठाऊक, म्हणून ते म्हणाले, हृदय तपासून चिठ्ठी आणा, नाहीतर खेळ बंद. मी हट्टानं मायलेकींसोबत गेले.

डॉक्टरांनी पोरीच्या छातीवर गार मलम लावून यंत्र फिरवलं आणि पडद्यावर तिचं हृदय दिसलं. आई गं! आतली इवली दारं उघडत होती, मिटत होती, परत उघडत होती. कुणी सांगत नव्हतं, कुणी ढकलत नव्हतं. आईच्या पोटात तिळाएवढं होतं तेव्हापासून हे चाललंय, एकदाही न थकता. पासष्ट वर्षं देवळात जातेय, पण अंगावर असा काटा कधी आला नव्हता. मी तिथंच हात जोडले.

"ठोके अगदी नियमित आहेत," डॉक्टर म्हणाले. "बिनधास्त पळू दे."

काव्या चिठ्ठी घ्यायला थांबली. बाहेर बाकावर बसल्या बसल्या मला रडू फुटलं.

"दानेश्वरी, तुज्या गोळ्या मीच लपवल्या हुत्या गं."

"ठावं हाय की, अत्ती." सासूला ती माहेरच्या कानडीतलं अत्तीच म्हणते. "त्याच दिवशी दुसऱ्या आणवल्या. शेजारच्या पूनमकडं ठेवल्या. रोज विरजण मागायच्या निमित्तानं जायची आन् घ्यायची. एक दिस चुकला न्हाय."

माझ्या नाकाखाली, रोज!

"मग तवाच का न्हाय सांगितलंस? चौदा वर्सं जळले की मी!"

दानेश्वरीनं माझ्याकडे पाहिलं नाही.

"सांगणार हुते. पर आदी माजा राग जाऊ दे म्हटलं," ती म्हणाली. "तो आज गेला. आत तुमी हात जोडलासा तवा."