‘राहू दे’ म्हणाले, म्हणून राहिले

मी एक मोटारघर. घर म्हणावं तर नपुंसकलिंग, गाडी म्हणावं तर स्त्रीलिंग. मला चालवणारी बाई असल्यामुळे मी स्वतःला गाड्यांतच मोजते. पुढे इंजिन आणि दोन खुर्च्या. मागे दोन शेगड्यांचा ओटा, जेवायचं टेबल, तेच मोडून होणारा पलंग आणि एक न्हाणीघर. त्यात साबण खाली पडला तर तो उचलायला आधी बाहेर यावं लागतं.

माझा जन्म दोन ठिकाणी झाला. चाकं आणि इंजिन एका कारखान्यात, वरचं घर दुसऱ्यात. त्या दोघांचं अजून पटलेलं नाही. रस्ता खराब लागला की कपाटांची दारं इंजिनाच्या नावाने खडे फोडतात. पहिल्या मालकाची मुलं माझ्यात लहानाची मोठी झाली आणि मोठी होताच मला विसरली. दुसरा मालक घरी भांडण झालं की माझ्यात येऊन झोपायचा. पुढे त्यांचं मिटलं आणि माझ्यावर ताडपत्री पडली. माणसांचं बरं चाललं की माझं काही खरं नसतं, हे मी तेव्हाच ओळखलं.

ताडपत्री निघाली ती हल्लीच्या मालकांच्या हातून. हे नवरा-बायको परदेशात मुलाकडे राहायला आलेले. त्यांची खरी नावं मला आजतागायत कळलेली नाहीत. बाई त्यांना ‘अहो’ म्हणतात, ते बाईंना ‘अगं’. म्हणून माझ्या लेखी ते अहो आणि त्या अगंबाई. अहो कचेरीतून निवृत्त झालेले. अगंबाईंनी उभी हयात शाळेची बस चालवली. आता त्यांना काचबिंदू झालाय. एवढं वर्ष गाडी चालवा, पुढे मात्र नको, असं डॉक्टरांनी बजावलं. तेव्हा त्यांनी मला विकत घेतलं आणि जाहीर केलं, की जिथे रस्ता संपून समुद्र लागतो, तिथवर मी स्वतः चालवत जाणार. मुलगा म्हणाला विमानाने जा, सून म्हणाली फोटो दाखवते. अहो म्हणाले, बघू. कचेरीत याच एका शब्दावर त्यांना बढती मिळाली होती.

एक सरहद्द ओलांडली आणि पलीकडच्या पहिल्याच घाटात माझा क्लच गेला. पेडल दाबलं ते वर येईना. मी चढावर मागे घसरू लागले. अगंबाईंनी आरशात बघत मला कठड्याशी आणून थोपवलं. वयोमानाने मला असं होतं, पण माणसं उगाच मनाला लावून घेतात. एरवी वळणावळणाला सल्ला देणारे अहो, मला ओढून न्यायला गाडी येईपर्यंत माझ्या चाकांमागे दगड रचत राहिले.

गावाबाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये मला नेलं. तिथल्या मिस्त्रीची भाषा यांना येईना, यांची त्याला. म्हणून मध्ये फोन धरायचा. एका बाजूने मराठी आत जायची, दुसऱ्या बाजूने काहीतरी बाहेर पडायचं. अगंबाई सारखं ‘अहो, अहो’ करतात हे ऐकून मिस्त्रीला वाटलं, या गृहस्थांचं नावच ते. मग तोही शेडच्या टोकावरून खणखणीत आवाजात ‘अहो!’ अशी हाक मारू लागला.

अगंबाई म्हणाल्या, ‘जा, बोलावणं आलंय तुमचं. माझ्याच्याने इतक्या प्रेमाने नाही व्हायचं.’

मिस्त्रीने निदान सांगितलं. माझ्या वयाच्या गाडीचा क्लच आता कुणी बनवत नाही. माझ्यासारखीच एक गाडी भंगारात पडली आहे, तिचा काढून बसवता येईल, पण गिअरबॉक्स खाली उतरवावा लागेल आणि खात्री काही देता येणार नाही. नाहीतर भंगारवाला मलाच घेऊन जायला तयार आहे.

त्यावर जेवताना भांडण झालं. अहोंचं म्हणणं, पाहिलं तेवढं पुष्कळ, आता विमानाने परत जाऊ. मागे दरी होती, ती काही थट्टा नव्हे. अगंबाई म्हणाल्या, ‘दरी होती, तशी बाजूला मीही होते.’

‘मला भीती वाटते गं. कळतंय का तुला?’

‘तुम्हाला लिफ्टमध्येही वाटते.’

यापुढे भांडी जरा जोरात घासली गेली.

दुसऱ्या दिवशी अगंबाई ब्रेड आणायला गेल्या. भंगारवाल्याचा ट्रक दाराशी येऊन उभा राहिला. मिस्त्री फोन घेऊन आला आणि काय करायचं ते विचारू लागला. अहोंनी फाटकाकडे एकदा बघून घेतलं आणि फोनमध्ये म्हणाले, ‘राहू दे आता.’

मराठी घरात ताटावर हात आडवा धरून माणूस राहू दे म्हणतो, तेव्हा नको म्हणतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. दुरुस्ती नको, असंच अहोंना म्हणायचं होतं. पण फोन कधी कुणाच्या पंगतीला बसलेला नाही. त्याने मिस्त्रीला सांगितलं, की गाडी राहू द्या. मिस्त्रीचा चेहरा खुलला. त्याने हात हलवून ट्रक परत धाडला. तोवर आपलं काम झालं अशा समजुतीने अहो आत येऊन बॅगाही भरू लागले होते.

मिस्त्री कामाला वाघ. मला जॅकवर चढवून त्याने हां हां म्हणता गिअरबॉक्स खाली काढला. त्या दणक्याने अहो हातातला सदरा घेऊनच बाहेर धावले. खाली पडलेलं माझं काळीज बघून ते मिस्त्रीला काही म्हणणार, तोच फाटकातून अगंबाई आल्या. त्या गिअरबॉक्सकडे बघत जागीच थांबल्या.

‘तुम्ही सांगितलंत काम करायला?’

अहोंनी मिस्त्रीकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं, मग अगंबाईंकडे.

‘हो,’ ते म्हणाले. ‘म्हटलं, राहू दे.’

अगंबाईंनी ब्रेडची पिशवी त्यांच्या हातात दिली आणि वाकून माझ्या पोटाखाली बराच वेळ बघत राहिल्या. बघण्यासारखं तिथे काही नव्हतं. ऑइल गळत होतं तेवढंच. अहोंनी भरलेल्या बॅगा गुपचूप रिकाम्या केल्या.

मिस्त्रीने क्लचची प्लेट आधी उलटी बसवली, मग सगळं पुन्हा उतरवलं आणि दोष शेडमधल्या मांजराला दिला. पण अखेर मी धड झाले. पुढच्या प्रत्येक घाटात अहो दाराची कडी धरून बसले. ‘परत फिर’ असं मात्र एकदाही म्हणाले नाहीत.

एका दुपारी रस्ता खरोखरच संपला. पुढे दगडी बांध आणि पाणी. अगंबाईंनी इंजिन बंद केलं. स्टिअरिंगवरचे हात काही त्या काढेनात. अहो खाकरले.

‘त्या दिवशी मी नकोच म्हटलं होतं. फोनने घोळ घातला.’

‘ठाऊक आहे मला.’

‘म्हणजे? कधीपासून?’

‘इतकी वर्षं वाढतेय तुम्हाला. तुमचं राहू दे मला कळत नाही होय? पण मी विचारलं तेव्हा तुम्ही हो म्हणालात. मी तेवढं धरलं.’

अहोंनी चष्मा काढला आणि पुसत बसले. चष्मा स्वच्छच होता.

सध्या मी त्या बांधाशीच उभी आहे. खाऱ्या वाऱ्याने डावं दार गंजू लागलंय. वर्ष सरायच्या आत अगंबाई मला परत नेतील आणि मग मला विकतील. त्यांनी तसं मला ओटा पुसताना सांगितलंय. यात त्यांचा इलाज नाही, माझी तक्रारही नाही. नवं जोडपं कसं येईल कोण जाणे. माझं त्यांना एवढंच सांगणं आहे, की माझ्यात बसून खुशाल भांडा, रुसा, खोटं बोला, वाटलं तर खरंही बोला. फक्त त्याआधी हँडब्रेक ओढा.