माझ्यावाचून वाजलेली गाणी

मित्रांनो, मी पियानो आहे. जुना, उभ्या बांध्याचा आणि खाऱ्या हवेने सुजलेला. लॉस एंजेलिसजवळच्या सॅन पेड्रो बंदरात, मासे डब्यांत भरणाऱ्या कारखान्यांच्या मागे मारेबाईंचा बार आहे. तिथल्या भिंतीला पाठ लावून माझं आयुष्य गेलं.

जन्म माझा शिकागोचा. मारेबाईंच्या नवऱ्याने मला हौसेने आणलं. त्याला दोनच कोळीगीतं येत आणि तीच तो रोज बडवी. त्याच्यामागे बरीच वर्षं मी मुका होतो. मग ऑरिन आणि व्हर्नन आले आणि माझे बरे दिवस सुरू झाले.

ऑरिन हॅडली उंच आणि काटकुळा होता. सॅक्सोफोन तो इतका हळू वाजवी की टूना पकडून दमून आलेले मच्छीमार आधी वैतागत. "अरे, फुंकतोयस की सूप निववतोयस?" असं ओरडत. पण मग त्याचे सूर कानी पडावेत म्हणून तेच आपले आवाज खाली आणत.

माझ्यावर बसे व्हर्नन टिब्ज, ऑरिनचा शाळेपासूनचा मित्र. बोटं जाडजूड, स्वभाव गप्पिष्ट. बोलताना तो दुसऱ्याला जागा देत नसे आणि वाजवतानाही देत नसे. मला मात्र तो फार आवडे. दोघांची पहिली तबकडी निघाली, 'धक्क्यावरचं धुकं'. वर्तमानपत्रांनी तिचं कौतुक केलं आणि मी आतून फुलून गेलो.

माझा आनंद फार टिकला नाही. एका सरावाला ऑरिन म्हणाला, "व्हर्नन, तू पुढे पुढे दिवा धरतोस रे. मी कुठे जाणार ते तुझ्या सुरांवरून आधीच कळतं. मला जरा अंधारात चालून बघायचंय."

"सरळ सांग ना, मी नकोय."

"पियानो नकोय."

"आणि पियानोवर कोण बसतं, तुझी आत्या?"

झालं. माझं झाकण पडलं. व्हर्नन रुसून निघून गेला असता तर बरं, असं मला तेव्हा वाटलं. पण पोटापाण्याचा प्रश्न होता. मारेबाईंनी त्याला काउंटरवर उभं केलं आणि तो त्याच बारमध्ये बियर ओतू लागला. ऑरिनने नुसते बास आणि ड्रम वाजवणारे दोघे सोबत घेऊन 'तीन खुर्च्या' ही दुसरी तबकडी काढली. ती तर पहिलीहून गाजली. किती मोकळं, किती शांत, असं जो तो म्हणू लागला. लॉस एंजेलिसहून गाड्या भरभरून माणसं येऊ लागली आणि आपल्या टोप्या, कोट, ओले ग्लास माझ्या डोक्यावर ठेवू लागली. मला फार राग यायचा. खोटं कशाला बोलू? रोज व्हर्नन येऊन ग्लासांचे डाग पुशी आणि पुटपुटे, "बसलो ना दोघंही बेकार?"

अशी काही वर्षं गेली. गर्दी वाढली तशी मारेबाईंना माझी अडचण होऊ लागली. एके दिवशी त्या म्हणाल्या, "हे धूड चार गिऱ्हाइकांची जागा खातंय. सोमवारी लाकूडवाला येतोय."

"वाजेल तो अजून, मारेबाई."

"आणि वाजवणार कोण? तू बियर ओत."

व्हर्ननने पुढचा ग्लास नळाखाली धरला. माझी तर बोलतीच बंद होती.

आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, तिसऱ्या तबकडीचं ध्वनिमुद्रण होतं. ऑरिनला त्या खोलीतला आवाज आवडे, म्हणून तबकड्या काढणाऱ्या कंपनीचा अर्नी यंत्र घेऊन बारमध्येच आला. बार बंद होता, काउंटरमागे एकटा व्हर्नन आवराआवर करत होता. अर्नीने आपली अवजारांची जड पिशवी माझ्या पायाशी ढकलली, ती नेमकी उजव्या पेडलवर बसली. मित्रांनो, ते पेडल दाबलं की तारांवरच्या नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, गाद्या उचलल्या जातात आणि तारा मोकळ्या होतात. मग जवळ कुणी गायलं, तरी त्या आपोआप गुणगुणतात.

ऑरिन वाजवू लागला आणि मला राहवलं नाही. तो थांबला तरी त्याचा शेवटचा सूर माझ्या पोटात थोडा वेळ राहिला.

अर्नीने फीत ऐकवली आणि कपाळाला हात लावला. "मागे कोण गुणगुणतंय?" फ्रिज बंद केला, ड्रम बाहेर नेला. ऑरिनने काउंटरकडे पाहिलं.

"मी ग्लास पुसतोय, बाबा," व्हर्नन म्हणाला. "गुणगुणायला तो पियानो आहे. त्याचं पेडल बघ."

ऑरिन माझ्याजवळ आला. माझ्या अगदी पुढ्यात त्याने एक सूर धरला आणि सोडला. सूर राहिलाच.

अर्नीने पिशवी उचलली आणि पुन्हा ध्वनिमुद्रण केलं. आता फितीत काही गुणगुणत नव्हतं. ऑरिन मान खाली घालून ऐकत राहिला. "घरी कुणीच नसल्यासारखं वाटतंय," तो म्हणाला. "पिशवी ठेव परत."

"अहो, हा बेसूर आहे!"

"मग मी कुठला सुरेल?"

व्हर्ननने फडकं खांद्यावर टाकलं. "पिशवीला काय कळतंय? कधी दाबायचं, कधी सोडायचं, ते पायाला कळतं."

ऑरिनने माझ्यापुढचं स्टूल ओढलं. मग हळूच म्हणाला, "येतोस?"

"हात लावू?"

"नको."

"नुसता पाय?"

"नुसता पाय. येशील ना रे?"

व्हर्नन माझ्यासमोर बसला. हात मांडीवर ठेवून त्याने अख्खं गाणं नुसतं ऐकलं. ऑरिनचा सूर कुठे रेंगाळू द्यायचा आणि कुठे मिटवायचा, हे त्याचा पाय ठरवत होता. तो गप्पिष्ट माणूस पहिल्यांदाच कुणाला जागा देत होता. मी इतका सुखावलो की काय सांगू!

गाणं संपलं. ऑरिन सॅक्सोफोन उगाचच पुशीत राहिला. "अजून एकदा करू," तो म्हणाला. "शेवटचा सूर या वेळी तू दे."

"कुठला?"

"तुला वाटेल तो."

व्हर्ननने तो दिला, एका बोटाने. मारेबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. सोमवारी लाकूडवाला आला, तेव्हा त्यांनी त्याला दोन मोडकी टेबलं दिली आणि वाटेला लावलं.

मित्रांनो, घरातलं वाद्य गप्प असेल तर त्यावर ओले ग्लास ठेवू नका. वर्षातून एकदा त्याला सुरात लावून घ्या. आणि माणूस गप्प झाला असेल तर त्याला वेळेवर हाक मारा. व्हर्ननला यायला चार पावलंही लागली नाहीत. हाक यायला मात्र वर्षं लागली.