गाडी उठेपर्यंत

नवनाथने इंजिन सुरू केलं आणि तो गाडीतून उतरून समोर उभा राहिला. रात्रभरात गाडी डाव्या अंगाला बसली होती. पुढचं चाक निम्मं आत गेलं होतं आणि गाडीचं पोट फरशीपासून चार बोटांवर आलं होतं. तो काही न करता थांबला. आतला पंप घरघरू लागला. मग बसलेली म्हैस आधी मागून, नंतर पुढून उठते तशी ती काळी गाडी सावकाश वर आली.

"रोज अशी बसते?" बंगल्याच्या पायरीवर बसलेल्या लंकाबाईने विचारलं.

"रोज नाही. थंडीत जास्त."

"शेठना माहीत होतं?"

"नाही."

हे सांगताना नवनाथचा आवाज जरा ताठ झाला. या परदेशी गाडीला चाकांवर पाटे नव्हते, हवेचे फुगे होते. पाच वर्षांपासून डावा फुगा हवा धरत नव्हता. बदलला, पुन्हा तेच. शेठ सकाळी नऊला खाली यायचे. नवनाथ साडेआठलाच गाडी सुरू करून ठेवायचा. शेठनी आपली गाडी बसलेली कधी पाहिली नाही. दिवाळीत ते गेले, तेही तिला उभीच पाहून गेले.

त्याने मागचं दार उघडलं आणि बायकोकडे पाहिलं.

"मागं कशाला?" लंकाबाई म्हणाली.

"बस तर खरं. माझ्या चोवीस वर्षांच्या नोकरीत बसली नाहीस."

लंकाबाईने चपला काढून हातात घेतल्या. मग त्याचा चेहरा पाहून पुन्हा पायात घातल्या आणि आत बसली.

शेठची मुलगी शुभांगीताई पुण्याहून आली होती. गंगापूर रोडचा बंगला ती विकणार होती. परवा तिने नवनाथला समोर खुर्चीवर बसवून सांगितलं होतं, "दादांनी जाण्याआधी तुमच्यासाठी काहीतरी करायला सांगितलंय. ही गाडी हवी असेल तर तुमच्या नावावर करते. नाहीतर नवीन घेऊन देते, साधी, सात जण बसतील अशी. शोरूममध्ये एक पांढरी तयार आहे, आठ दिवसांत मिळेल. दोन्हींतली एक. रविवारी ही घेऊन फिरा आणि सोमवारी मला सांगा."

नवनाथने तिथेच ठरवलं होतं, हीच घ्यायची. रविवारी गाडी गावाला न्यायची ती फिरवायला नाही, दाखवायला.

सातपूरला हबीब मिस्त्रीला त्याने काल हे सांगितलं, तेव्हा हबीब गाडीखाली होता. तो बाहेर आलाच नाही. खालूनच बोलला.

"घे की. मग एक ड्रायव्हर शोध."

"मी आहे ना."

"तू तर मालक होणार. साडेआठला उठवणार कोण तिला? तुझ्यासारखा माणूस लागेल, नवनाथभाऊ. आणि तुझ्यासारखा माणूस तुला परवडणार नाही."

नवनाथ हसला नव्हता. घरी लंकाबाईला त्याने लग्नांचा हिशेब सांगितला. नवरदेवाला अशीच गाडी लागते, लोक तारीख मागायला दारात येतील. लंकाबाई भाकरी थापत होती. "लग्नं वर्षातले चार महिने," ती म्हणाली, "जेवण बारा महिने." सातपूरच्या एका कारखान्यात शिफ्टच्या बायकांना घरी सोडायचं काम त्याला मिळत होतं. पण त्या कामाला सात जण बसतील अशी गाडी हवी होती. ते तिने पुन्हा काढलं नाही. तिने एकदा सांगितलं होतं, तेवढं बस होतं.

दिंडोरी रस्त्याला लागण्याआधी तो पेट्रोल पंपावर थांबला. पंपावरच्या पोराने गाडी पाहून टोपी सरळ केली. नवनाथने काच खाली घेतली. पोराने त्याच्यावरून नजर मागे नेली आणि वाकून विचारलं, "मॅडम, किती टाकू?"

लंकाबाई दचकली. "मला काय विचारतो? त्यांना विचार. त्यांची गाडी हाय."

पोरगा मोठ्याने हसला. मॅडमनी चेष्टा केली असं त्याला वाटलं. मग नवनाथकडे वळून तो म्हणाला, "बोला काका, किती?"

गाडी रस्त्याला लागली. द्राक्षांची तोडणी चालू होती. क्रेट भरलेल्या पिकअपमागून तो सावकाश जात होता. आरशात त्याला लंकाबाई दिसत होती. ती सीटच्या अगदी कडेला बसली होती, एसटीत बसावी तशी पिशवी मांडीवर घेऊन.

"टेकून बस," तो म्हणाला.

"तुमच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं," ती म्हणाली. "शेठ काय करायचे?"

"शेठ बोलत नसत."

दिंडोरी मागे पडली तेव्हा समोरच्या काचेखाली हवेच्या फुग्याचा पिवळा दिवा लागला. नवनाथने रेडिओचं बटण दाबल्यासारखं करून हात पुढे धरला, म्हणजे मागून तो दिसू नये. थोड्या वेळाने त्याच्या लक्षात आलं की मागे शेठ नाहीत. त्याने हात काढला. दिवा तसाच होता.

वणीच्या अलीकडे त्याचं गाव होतं. तिथे त्याचा थोरला भाऊ वाल्मीक शेती बघायचा, आणि वाल्मीककडे त्याची आई होती. धोंडाबाईचं वय चौऱ्याऐंशी. गावातून सप्तशृंगीचा डोंगर समोर दिसायचा. हातपाय धड होते तोवर दर चैत्रात ती गडावर चालत जायची. ते थांबल्यावर, दहा वर्षांपूर्वी, शेठनी आपणहून गाडी दिली होती, म्हणाले होते आईला दर्शन करून आण. तेव्हा ही गाडी आरशासारखी होती. धोंडाबाई गाडीजवळ आली, तिने दारावर हात फिरवला, आणि विचारलं, "कुणाची हाय?"

"शेठची."

"मग ऱ्हाऊ दे. दुसऱ्याच्या गाडीत बसून देवीपुढं कशी उभी राहू? तुझी आण. मग येते."

ती गेली नव्हती. वाल्मीकने जीपमध्ये जागा धरली, नातवाने मोटारसायकल काढली, तरी गेली नाही. नवनाथची येईल, असं ती सगळ्यांना सांगायची. या दिवाळीनंतर तिला ताप आला आणि पंधरा दिवस उतरला नाही. तो उतरला, पण तिला अर्धी करून गेला.

परवा फोनवर नवनाथ म्हणाला होता, "आई, रविवारी गाडी घेऊन येतो."

"कुणाची?"

"येऊन सांगतो."

गाडी गल्लीत शिरली तशी पोरं मागे धावली. वाल्मीक ओट्यावरून उतरला. त्याने टोपी सारखी केली, सदऱ्याचं वरचं बटण लावलं, आणि थेट मागच्या दाराशी जाऊन हात जोडले. काचेतून आत लंकाबाई दिसली तेव्हा त्याचे हात तसेच राहिले.

"तू होय! मला वाटलं, साहेब लोक आले."

"मीच साहेब," लंकाबाई म्हणाली.

सगळे हसले. नवनाथही हसला. वाल्मीक गाडीला एक चक्कर मारून आला. "फिरायला दिली का शेठच्या लेकीनं?"

नवनाथने उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात आतून धोंडाबाईचा आवाज आला, "आधी चहा द्या त्यांला! मी लुगडं नेसते."

चहा झाला. वाल्मीकच्या बायकोने सांगितलं की सासूबाई पहाटे चारपासून जाग्या आहेत. देवीच्या ओटीचं सामान त्यांनी दोन दिवसांपूर्वीच बांधून ठेवलंय, खण, तांदूळ, हळकुंड, सगळं. नवनाथने कप खाली ठेवला. तो घाट मनात चढून पाहत होता. पायथ्याच्या नांदुरीपासून वर वळणं, वळणांवर भाविकांच्या गाड्या. पिवळा दिवा. पण पाच वर्षं त्याने हिला सांभाळली होती. घाटाचे दहा-अकरा किलोमीटरही सांभाळता आली असती. परत आल्यावर सोमवारी शुभांगीताईंना एक होकार सांगायचा, म्हणजे आज बोललेलं खोटंही ठरणार नव्हतं.

बाहेर पोरांचा गलका झाला. तो ओट्यावर आला.

गाडी बसली होती. एवढ्या लवकर ती आजवर बसली नव्हती. डावीकडून गल्लीच्या मातीला टेकायला आली होती. पोरं वाकून खाली बघत होती. वाल्मीक कमरेवर हात ठेवून उभा होता.

"आई येणार म्हणून आधीच पाया पडली बघ," तो म्हणाला, आणि स्वतःच हसला. मग नवनाथचा चेहरा पाहून त्याने विचारलं, "काय झालं रे हिला?"

नवनाथच्या हातात किल्ली होती. चार मिनिटांचं काम होतं.

धोंडाबाई बाहेर आली. हिरवं लुगडं, हातात काठी, आणि मागून सून ताट घेऊन. ताटात नारळ, हळद, कुंकवाचा करंडा. सून करंडा उघडायला लागली तशी म्हातारीने तो ओढून घेतला.

"मी लावते, आत्याबाई. तुम्ही..." सून अडखळली. धोंडाबाईचं कुंकू पुसून तीस वर्षं झाली होती.

"का? माझ्या हाताला काटे हायेत का? लेकाची गाडी माझ्या."

तिने पाण्यात बोट बुडवलं, मग कुंकवात. काठी सुनेकडे दिली आणि एका हाताने बोनेट धरून वाकली. बोनेट तिच्या अपेक्षेपेक्षा खाली होतं. ती जराशी झोकांडली. नवनाथने धावत जाऊन तिचा दंड धरला. दंडाला नुसतं हाड लागलं.

"खालीच हाय की ही," ती म्हणाली. "बरंय. मला वाकायला." ओलं लाल बोट काळ्या पत्र्यापासून वीतभर अंतरावर होतं. तिने मान वळवून लेकाकडे पाहिलं. "तुझीच ना?"

वाल्मीक बघत होता. ओट्याच्या खांबाला धरून लंकाबाई उभी होती. तिने मान हलवली नाही, खूण केली नाही.

"नाय, आई," नवनाथ म्हणाला. "ही शेठची. माझी मंगळवारी येतीय. ह्या परवाचा नाय. पुढचा."

बोट तिथेच थांबलं. एक थेंब मातीत पडला.

"कशी हाय तुझी?"

"पांढरी. साधी हाय. उंच हाय जरा, पायरी लावून घेतो तुला."

"अशी बसती का?"

"नाय. ती बसत नाय."

"आणि लंका कुठं बसल?"

"माझ्याशेजारी."

धोंडाबाई सरळ झाली. त्याला तिला धरून उभं करावं लागलं. ओल्या बोटाकडे तिने क्षणभर पाहिलं. काढलेलं कुंकू ती करंड्यात परत टाकणार नव्हती. तिने हात वर केला आणि नवनाथच्या कपाळाला लावलं. टिळा वाकडा लागला.

"मंगळवार देवीचाच," ती म्हणाली. मग सुनेला, "नारळ फोडू नको. आत ठेव. ओटीबी ठेव, गाठ सोडू नको."

"लुगडं तरी बदला आता," सून म्हणाली.

"बदलते. घाई काय हाय?"

निघताना लंकाबाईने मागच्या दाराकडे पाहिलंही नाही. ती पुढून वळसा घालून आली आणि नवनाथच्या शेजारी बसली. त्याने किल्ली फिरवली आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला.

"काय झालं?" वाल्मीकने विचारलं. "निघा की."

"उठू दे तिला," नवनाथ म्हणाला. "वेळ लागतो."

पंप घरघरू लागला. या वेळी त्याने कुणाला बाजूला व्हायला सांगितलं नाही. वाल्मीक, त्याची बायको, पोरं, सगळे बघत उभे राहिले. गाडी आधी मागून उचलली, मग पुढून. पोरांनी टाळ्या वाजवल्या. नवनाथने आरशात पाहिलं. मागची सीट रिकामी होती. कपाळावरचं कुंकू ओघळून भुवईवर आलं होतं. त्याने ते पुसलं नाही.

धोंडाबाई काठी टेकत त्याच्या खिडकीशी आली.

"मंगळवारी लवकर ये," ती म्हणाली. "ऊन व्हायच्या आत."

"सहाला येतो."

"ये." तिने काचेच्या कडेवर हात ठेवला. "तवर हाय मी."