पहारेकऱ्याच्या बायकोचं वाक्य

"ताई, यात क्षमा हवी," काचेपलीकडून दिग्दर्शक म्हणाला. "नुसतं दुःख नको. ती त्याला मनापासून माफ करते."

बावीस वर्षं मी पडद्यावरच्या बायकांच्या तोंडी आवाज घालते आहे. सुना, सासवा, एकदा तर जाहिरातीतली म्हैससुद्धा. सिनेमा कुठला ते आम्हाला स्टुडिओत शिरल्यावरच कळतं. हा त्या क्रांतिकारकाचा होता, ज्याचे निम्मे लोक पुतळे उभारतात आणि निम्मे त्याला शिव्या घालतात. मी दोन्हींत कधी पडले नाही. त्याने उडवलेल्या पुलावर त्या दिवशी माझे बाबा पाळीवर होते, एवढाच आमचा संबंध.

पडद्यावर पुलाचा पहारेकरी आला. हातात बाटली, खांद्याला बंदूक. नायक त्याला पळून जा म्हणतो, हा उलट नेम धरतो आणि मरतो. बाबांकडे कंदील आणि शिट्टी होती. दारूच्या नुसत्या वासानेही त्यांना मळमळायचं.

मग त्याची बायको नायकाचे हात धरून म्हणते, "माझा माणूस गेला, पण पूल पाडलात, बरं केलंत."

माझं डोकंच फिरलं. उठून गेले असते तर तासाभरात दुसरी कुणी येऊन तेच बोलली असती. पण निदान एकदा तरी त्या तोंडातून आईचं बोलणं निघायला हवं होतं. आमच्या कामात पडद्यावरचे ओठ मिटले की आपलेही मिटावे लागतात. मी आईचं वाक्य त्या ओठांवर मनात जुळवून पाहिलं. बसत होतं.

रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागला.

"माझा माणूस गेला. पण पूल, परत बांधतील."

रेकॉर्डिस्ट मास्तरांनी सवयीने अंगठा वर केला आणि तो तसाच राहिला. दिग्दर्शक दार उघडून आत आला.

"हे कुठे लिहिलंय?"

"कुठेच नाही. बाबांना घरी आणलं तेव्हा आई असंच म्हणाली. मी शेजारी उभी होते. आठ वर्षांची."

तो गडबडला. माणूस वाईट नव्हता. "मला माहीत नव्हतं, ताई. पण सिनेमा आहे हो हा. आणि स्क्रिप्टमध्ये तिला मूलच नाही."

"आहे," मी म्हणाले. "तुमच्यासमोर उभी आहे. तुमच्या हिरोचं काय ते लोक बघतील. आईने मरेपर्यंत कुणाला माफ केलं नाही, आणि ते माझ्या आवाजात होणार नाही. दुसरी बघा."

"बघावीच लागेल," तो हळूच म्हणाला. "आणि तुम्हाला पुन्हा बोलावणं कठीण होईल."

"नका बोलावू."

दिवा अजून चालूच होता. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, पण बटणाला हात लावला नाही. मी माइकजवळ गेले. बाबांचं नाव सांगितलं, पूर्ण, त्यांच्या वडिलांच्या नावासकट. मग बिल्ल्याचा नंबर, पाळीची वेळ. पुलावर एकच माणूस होता आणि तो शुद्धीत होता, हेही सांगितलं.

"आवाज स्वच्छ आलाय," मास्तर म्हणाले. "अजून काही?"

"नाही," मी म्हणाले. "एवढंच."