लाल ओळींतली गोलनार

मित्रांनो, मी एक जुना फारसी टाइपरायटर आहे. माझी अक्षरं उजवीकडून डावीकडे चालतात. कारखान्यात मी नुसता घडलो. जीव आला तो इराणच्या रश्त शहरात, महलकाबाईंच्या खिडकीपाशी.

बाई कादंबरी लिहीत. माझी शाईची फीत अर्धी काळी, अर्धी लाल. कादंबरीतली गोलनार चारचौघांत बोले ते काळ्यात, मनाशी बोले ते लाल. काळी गोलनार म्हणे, "या, बसा ना!" लाल गोलनार म्हणे, "आणि मी कधी बसू?"

बाई बायकांच्या रौझ्याला जात. करबलाचं दुःख तिथं गाऊन सांगतात. डोळे पुसत परतल्या की मला म्हणत, "गाणारी मध्येच थांबते ना, तिथंच खरं रडू येतं रे." मग लाल ओळी झरझर उतरत. "या दोघींतली मी कोण, ते शेवटच्या पानावर कळेल मला," म्हणत.

ते शेवटचं पान जवळ आलं होतं. एका दुपारी बाईंच्या नणंदेचा मुलगा कियारश आला, जर्मनीत हँबर्गमध्येच वाढलेला. त्याची नजर माझ्यावर पडली.

"मामी, काय देखणा आहे हो हा!"

"तुझ्यापुढे त्याचं काय रे! घेऊन जा, तुझाच आहे."

पाहुण्यानं एखाद्या वस्तूचं कौतुक केलं की आमच्याकडे रीत म्हणून असंच म्हणतात. पाहुण्यानं तीनदा नको म्हणायचं असतं.

"खरंच? मामी, तुम्ही म्हणजे ना!" त्यानं मला उचललंच.

बाईंचा हात पुढे आला, माझ्यावरची धूळ पुसून मागे गेला.

"अगं, नाही म्हण की!" त्यांचे यजमान फरामर्झ कुजबुजले. "तुझी कादंबरी?"

"पाहुण्याला नाही म्हणू? शोभेल का? जपून ने हं बाळा, जड आहे."

आता हँबर्गला कियारशच्या फडताळावर मी शोभेचा. लोक माझी कागद धरणारी गाडी उलट्या बाजूला ढकलतात नि हसतात. फीत वाळली. कियारश वाईट नाही, फोनवर आठवणीनं विचारतो, "मामी, कुठवर आली कादंबरी?"

"हातानं लिहिते रे. पण गोलनार फार गुणी झालीय आता. मनात काही बोलतच नाही!"

"अरे वा, छान!" तो हसतो.

मित्रांनो, न बोललेलं देवाला ऐकू येतं. माणसाला त्यासाठी क्षणभर थांबावं लागतं. कुणी "घेऊन जा" म्हणालं, तर आधी त्याचे हात बघा. माझ्या कळांवर बाईंच्या बोटांनी खळगे पडलेत. कियारश दर रविवारी मला पुसतो. त्याच्या बोटांना ते खळगे अजून जाणवलेले नाहीत.