अर्धं राहिलेलं गाऱ्हाणं

गाडी दारात आली त्या दिवशीच मी नितेशला बजावलं होतं, चालवताना मोबाईल माझ्याकडे द्यायचा. तर दात काढून हसला. "आई, मला दोन्ही जमतं गं. तुमच्या वेळच्या लोकांना एका वेळी एकच काम येतं." एकच काम? मेल्या, पोळ्या लाटता लाटता मी तुझे पाढे घेतलेत! पण माझं लक्ष उडालं तर पोळी करपायची, माणूस नाही. हे मी त्याला तोंडावर म्हटलं. तोपर्यंत त्याची मान परत मोबाईलमध्ये गेली होती.

सेकंड हँड का असेना, घरातली पहिली चारचाकी होती. सासरे गिरणीत, हे पोस्टात, दोघांच्या हयातीत दारात सायकलीपलीकडे काही आलं नाही. हे गेल्यावर मी आणि नितेश दिंडोशीला दोनच जण उरलो. नोकरी लागून वर्ष होतं न होतं तोच पोरानं गाडी घेतली. मला आनंद झाला नाही असं कोण म्हणेल? पेढे मीच वाटले बिल्डिंगभर.

थोरली अक्षता बाळंतपणाला माझ्याकडे आलेली. आठवा महिना. पहिलं मूल पाचव्या महिन्यात पोटातच गेलं होतं, तेव्हा पोरगी कित्येक दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. म्हणून या खेपेला मी तिला फुलासारखं जपत होते. तिची डॉक्टर तिच्या सासरजवळ, कांजूरमार्गला. जावई कामासाठी बेंगळुरूला. गुरुवारी तपासणी होती, नितेश म्हणाला, "ताईला मी नेतो, गाडी कशाला घेतलीय?" तिला वाटलं भाऊ किती गुणाचा. मलाही वाटलं.

आता आमच्या माणसांचं एक आहे. गाऱ्हाणं घातल्याशिवाय आम्ही काही सुरू करत नाही. घर असो, नोकरी असो, मिक्सर असो. घरातला मोठा पुरुष देवासमोर उभा राहून एकेक मागणं मागणार आणि बाकीच्यांनी प्रत्येक मागण्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. हे होते तेव्हा हे घालायचे. आता गावचे बाळा भावोजी, माझे थोरले दीर, व्हिडिओ कॉलवर घालतात. पण गावी घरात रेंज नाही, त्यासाठी सगळ्यांना चढण चढून वर सड्यावर, उघड्या कातळावर, जावं लागतं. त्या दिवशी सकाळी आम्ही नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली, आणि फोन काही लागेना. डॉक्टरची वेळ जवळ आलेली. मी म्हटलं, "चला रे, देव काय रेंज बघून पावतो?" आणि निघालो.

मी पुढे बसले, अक्षता मागे. पट्टा पोटाला काचतो म्हणून तिनं लावला नाही. आरेच्या नाक्यापर्यंत नितेशनं दोनदा गाणं बदललं, सिग्नलला कुणाला तरी मेसेज केला, मागच्याचा हॉर्न ऐकून मग गाडी हलवली. "रस्त्याकडे बघ रे," मी म्हटलं. "बघतोय ना!" मागून अक्षता म्हणाली, "आई, जाऊ दे गं, किती ओरडशील." मी खिडकीबाहेर बघितलं. दोन्हीकडे झाडं, गार हवा, मध्येच तबेल्याचा वास. तेवढ्यात समोर स्टँडला लावलेला मोबाईल वाजला. बाळा भावोजी.

"उचलू नकोस," मी म्हटलं. त्यानं उचलला.

स्क्रीनभर माणसं! सगळं घर सड्यावर चढलेलं. भावोजी, जाऊबाई, शेजारच्या दोन म्हाताऱ्या. वाऱ्यानं बायकांचे पदर उडतायत. भावोजी ओरडले, "अरे नितेश, रेंज गावली रे! गाडी खंय आसा? दाखव मरे!"

"चालवतोय काका, हे बघा!" असं म्हणून या शहाण्यानं मोबाईल स्टँडवरून काढला आणि फिरवून सगळं दाखवायला लागला. स्टिअरिंग, आरसा, मागं बसलेली ताई.

"भावोजी, मग करा फोन, पोचल्यावर," मी म्हटलं.

"अगो सुलक्षणा, गाऱ्हाण्याशिवाय गाडी रस्त्यार काढलास कशी? थांब, घालतंय आताच." आणि त्यांनी हात जोडलेच. "बा देवा रवळनाथा! आज तुझ्या लेकरान जी गाडी घेतल्यान हा, ती तू मान्य करून घे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सड्यावरून सगळे.

"नितेश, बंद कर तो फोन!"

"आई, गाऱ्हाणं चाललंय. मध्येच कसं कापू?"

इथेच माझं डोकं फिरलं, कारण मलाही कळेना कसं कापायचं ते! चालू गाऱ्हाणं मोडायचं नसतं, हे लहानपणापासून डोक्यात बसलेलं. गाडी बाजूला घे म्हणायला हवं होतं. तेवढंसुद्धा सुचलं नाही.

"गाडयेक कोणाची वायट नदर लागली आसात, तर ती तू दूर कर, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" नितेश. अक्षता. आणि माझ्याही तोंडून निघालं. सवय मेली.

समोर वळण होतं. वळणावर पाड्यावरची एक मुलगी, शाळेचा निळा फ्रॉक, रस्ता ओलांडत होती. मला दिसली. नितेश मोबाईलमध्ये बघून हसत होता. मी किंचाळले. त्यानं वर बघितलं आणि स्टिअरिंग असं काही ओढलं की गाडी रस्ता सोडून झाडावर गेली.

आवाज मोठा झाला. मग एकदम शांत. मुलगी रस्त्याच्या कडेला पाण्याची बाटली छातीशी धरून उभी होती, तिला खरचटलंसुद्धा नव्हतं. आणि माझ्या सीटखाली पडलेल्या मोबाईलमधून भावोजींचा आवाज येतच होता. "वाटेत काय अडचण इली, तर ती तू बाजूक सार, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मी मागे वळले. अक्षता माझ्या सीटच्या पाठीवर आपटून खाली घसरली होती. दोन्ही हात पोटावर. "आई," ती म्हणाली, "सीट लागली गं पोटाला."

नितेशच्या कानाखाली मी कधी वाजवली ते मलाही आठवत नाही. रिक्षा थांबवली, तिला धरून बसवलं. तोही चावी खिशात टाकून मागोमाग चढला, गाडी तिथेच सोडून. पवई येईपर्यंत अक्षता नुसती पोट चाचपत होती. मग हळूच म्हणाली, "सकाळपासून लाथा मारत होतं. आता हलत नाहीये." पहिल्या वेळीही ती असंच म्हणाली होती, अगदी हेच शब्द.

तिच्या डॉक्टरच्या नर्सिंग होममध्ये तिला आत घेतलं, बाळाचे ठोके ऐकायला पोटाला पट्टा बांधला. मशीन नुसतं खरखरत होतं. डॉक्टरीणबाई जागा बदलत होत्या, मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. मग एकदम ठोके ऐकू आले. भराभर, पळणाऱ्या पोराच्या पावलांसारखे. अक्षता हमसून हमसून रडायला लागली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ठोके चांगले आहेत. पण मार पोटावर बसलाय, तेव्हा उद्यापर्यंत इथेच ठेवू. धोका टळला असं मी आज म्हणणार नाही."

बाहेर आले तर नितेश बाकावर बसून मोबाईलवर बोट फिरवत होता.

"काय करतोयस?"

"घरच्या ग्रुपवर सांगतोय गं, सगळे विचारतायत." त्यानं स्क्रीन माझ्यापुढे धरली. हात जोडल्याची चित्रं, फुलं, आणि खाली ओळीनं तेच. गाऱ्हाणं घातलं म्हणून वाचलात. देवानं राखलं. कुणी म्हणालं, लिंबं मोठी घ्यायला हवी होती. एकानंही विचारलं नव्हतं की चालवताना फोन कशाला उचललास. एकानंही म्हटलं नव्हतं की आम्ही कशाला केला. आणि माझा हा दिवटा म्हणतो, "आई, खरंय पण ना ते. गाऱ्हाणं नसतं तर..."

"गाऱ्हाणं नसतं तर तू पुढे बघत असतास, गाढवा!" नर्सनं मला गप्प राहायची खूण केली. कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं.

तेवढ्यात परत भावोजींचा व्हिडिओ कॉल. "सुलक्षणा, गाऱ्हाणा अर्धा ऱ्हवला मगे. अर्धा ठेवूक नको, पुरा करूक होया."

"होया ना," मी म्हटलं. "चला, पुरा करूया."

मोबाईल घेऊन मी अक्षताच्या खाटेजवळ गेले. नितेश मागून आला. गाऱ्हाणं बायका घालत नाहीत, माझ्या सासूनं कधी घातलं नाही, आईनं नाही. मी मोबाईल समोर धरला आणि सड्यावरच्या त्या सगळ्या तोंडांकडे बघत सुरू केलं.

"बा देवा रवळनाथा! आज तुझा नाव घेवन आमी सगळ्यांनी मिळान माझ्या लेकीचा पोट धोक्यात घातला, ता तू बघितलं आसशीत, म्हाराजा!"

भावोजींचं तोंड उघडंच. मग शेजारची एक म्हातारी, सवयीनं, बारीक आवाजात, "व्हय म्हाराजा."

"तू राखलंस, पण रस्त्याकडे बघूचा काम तुझा नाय, चालवतल्याचा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा." आता तीन-चार आवाज. जाऊबाईंनी पदर तोंडाला लावला होता.

"आजपासून ह्या घरातलो जो कोण गाडी चालवतल्याक फोन करीत, आनि चालवताना जो कोण उचलीत, तेच्या गाडयेत माझी लेक बसाची नाय, माझा नातवंड बसाचा नाय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," भावोजी म्हणाले. मान खाली घालून, पण म्हणाले. खाटेवरून अक्षताही म्हणाली, पोटावरचा हात न काढता.

राहिला नितेश. मी त्याच्याकडे बघत राहिले. त्याचे डोळे भरले होते, गालावर माझी बोटं अजून दिसत होती. त्यानं हात जोडले. तेवढ्यात माझ्या हातातल्या त्याच्या मोबाईलवर टुंग वाजलं आणि वर मित्राचा मेसेज झळकला. भाई, नव्या गाडीचा व्हिडिओ टाक ना.

"व्हय म्हाराजा," नितेश म्हणाला. म्हणताना त्याची नजर माझ्या तोंडावरून सरकली आणि मेसेजवर गेली.

अक्षतानंही ते बघितलं होतं. तिनं पोटावरचा एक हात काढला आणि भावापुढे पसरला.

"चावी दे," ती म्हणाली.